थोडे पैसे, पण बी पिकायच्या आत

जगभरातल्या वनस्पती उद्यानांत मिळून नेमकं काय काय आहे, याचा हिशोब 2017 साली ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक प्रजाती भरल्या, म्हणजे ज्ञात वनस्पतींच्या साधारण 30 टक्के. धोक्यात असल्याची नोंद झालेल्या प्रजातींपैकी 41 टक्के कुठल्या ना कुठल्या उद्यानात जिवंत होत्या किंवा बीपेढीत साठवलेल्या होत्या. ऐकायला बरं वाटतं. खरी गोची त्याच अभ्यासात पुढे आहे : ज्या प्रजाती जिवंत रोपांच्या रूपात कुठल्याच उद्यानात नाहीत, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश उष्ण कटिबंधातल्या आहेत. काचघरं, प्रयोगशाळा, बीपेढ्या बहुतेक थंड आणि श्रीमंत देशांत. नाहीशी होत चाललेली झाडं मात्र भलतीकडेच.

त्या ‘भलतीकडे’सुद्धा उद्यानं आहेतच. झाड पानावरून ओळखणारी माणसं तिथे असतात, जमीन असते, बऱ्याचदा पाणीही असतं. नसतं ते जंगलापर्यंत जायचं गाडीभाडं, वाटाड्याची मजुरी, शेडनेट आणि रोपांच्या पिशव्यांचे पैसे. छोटी अनुदानं नेमकी इथे कामाला येतात. 1987 साली स्थापन झालेली ‘बोटॅनिक गार्डन्स कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ ही उद्यानांची जागतिक संघटना अशा उद्यानांसाठी ‘ग्लोबल बोटॅनिक गार्डन फंड’ चालवते. ‘मोहम्मद बिन झायद’ प्रजाती संवर्धन निधी एका प्रकल्पाला 25,000 डॉलरपर्यंत देतो. स्वित्झर्लंडमधलं ‘फ्रँकलिनिया’ प्रतिष्ठान फक्त धोक्यातल्या झाडांसाठी काम करतं. ज्या झाडाचं नाव त्याने घेतलंय, ते अमेरिकेतलं फ्रँकलिनियाचं झाड रानात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर कुणालाच दिसलेलं नाही. आज ते बागांमध्ये दिसतं, कारण बार्ट्राम नावाच्या पितापुत्रांनी अठराव्या शतकात त्याच्या बिया आणून लावल्या होत्या.

मोठा निधी मिळवून एकदाच भरभक्कम काम का करू नये? त्याचं उत्तर बियांमध्ये आहे. बीपेढीची नेहमीची रीत अशी : बी सुमारे 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुकवायचं आणि उणे 20 अंश सेल्सिअसला ठेवून द्यायचं. बऱ्याच वनस्पतींच्या बिया अशा कित्येक दशकं टिकतात. पण काही बिया सुकवल्या की मरतात. अतिसंकटग्रस्त प्रजातींपैकी 36 टक्के प्रजातींच्या बिया या प्रकारच्या असाव्यात, असा 2018 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. आग्नेय आशियातल्या डिप्टेरोकार्प कुळातल्या महाकाय वृक्षांचं बघा. ते दरवर्षी फळत नाहीत. मधे कित्येक वर्षं कोरडी जातात आणि मग एखाद्या हंगामात सगळं जंगल एकदम फळतं. पंख असलेली ती फळं भिरभिरत खाली येतात आणि काही दिवसांतच रुजायला लागतात, नाहीतर किडतात किंवा डुकरांच्या पोटात जातात. मोठ्या निधीचा प्रस्ताव या समितीकडून त्या समितीकडे फिरून मंजूर होईपर्यंत हंगाम सरलेला असतो. झटकन हातात पडणारे थोडे पैसे अशा वेळी दहापट रकमेपेक्षा मोलाचे, असं माझं मत आहे.

बी गोळा करण्यातही शिस्त असते. एकाच डेरेदार झाडाखाली बसून पोतं भरलं, तर शेकडो रोपं मिळतील, पण सगळी एकाच आईची. ती पुढे आपापसांत फळली तर पिढ्यागणिक दुबळी होत जाण्याचा धोका असतो. म्हणून शक्य असेल तिथे पन्नासेक वेगवेगळ्या झाडांचं बी घ्यावं, असा जुना आणि आजही मानला जाणारा दंडक आहे. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पिशवीत, आत नंबराची चिठ्ठी, वहीत जागा आणि तारीख. रोपवाटिकेतल्या प्रत्येक ओळीला तोच नंबर. चिठ्ठी पावसात भिजून पुसली गेली, तर रोप हिरवंगार राहतं, पण आई कोण ते कळत नाही आणि जंगलात परत लावताना ते जवळजवळ निरुपयोगी ठरतं. न पुसणारी शाई आणि धातूच्या पट्ट्या या अनुदानाच्या अर्जातल्या सगळ्यात कंटाळवाण्या ओळी, पण त्या कधी कापू नयेत.

या अनुदानांची मोठी उणीव म्हणजे मुदत. एक-दोन वर्षांत पैसे संपतात, अहवाल जातो, रोपांच्या रांगांचे फोटो जातात. झाडाला तेवढ्यात धड खोडही येत नाही. मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावरचं ‘काफे मारों’ हे झुडूप नामशेष झालं असं समजत होते. 1979 मध्ये एका शाळकरी मुलाला त्याचं एकच झाड सापडलं. 1986 साली त्याच्या फांद्या विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या आणि त्यांपासून रोप तयार झालं. ते फुलायचं भरपूर, बी मात्र धरेना. शेवटी कार्लोस मॅग्दालेना या उद्यानतज्ज्ञाने फुलाच्या कुक्षीचं, म्हणजे पराग धरणाऱ्या भागाचं टोक कापून आतल्या भागावर थेट पराग ठेवले आणि 2003 साली फळ धरलं. क्यूला सतरा वर्षं धीर धरणं परवडलं. बारा महिन्यांच्या अनुदानावर चालणाऱ्या बागेत दुसऱ्या वर्षी पाणी कोण घालणार, हाच प्रश्न असतो. किती रोपं तयार केली यापेक्षा तीन वर्षांनी किती जगली, हे विचारणारे देणगीदार मला जास्त शहाणे वाटतात. जगलेल्या रोपांची मोजदाद झाल्यावरच पुढचा हप्ता द्यावा आणि त्या हप्त्यात माळ्याचा पगार धरलेला असावा.

थोड्या खर्चात होणारं आणखी एक काम म्हणजे तयार रोपांपैकी काही दुसऱ्या उद्यानाला देऊन टाकणं. ईस्टर बेटावरचं तोरोमिरो हे झाड तिथल्या रानातून विसाव्या शतकात संपलं. थोर हेयरडाल या नॉर्वेच्या संशोधकाच्या 1955-56 च्या मोहिमेत शेवटच्या झाडाचं बी गोळा झालं आणि त्यापासून स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या उद्यानात रोपं वाढली. काही झाडं चिलीतही होती. बेटावर ती पुन्हा लावण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले, रोपं मेली. तरी दर वेळी नव्याने सुरुवात करता आली, कारण वाण एकाच बागेत अडकलेलं नव्हतं.