तांबे (सोलापूर परिसरातील वापर)

तांबे हा तांबूस रंगाचा, मऊ आणि सहज ठोकता येणारा धातू. अणुक्रमांक २९, वितळबिंदू सुमारे १,०८५ अंश सेल्सिअस. वीज वाहून नेण्यात चांदीखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. सोलापूरची जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची असल्याने तांब्याच्या खाणी इथे नाहीत. भारतात मलाजखंड (मध्य प्रदेश), खेत्री (राजस्थान) आणि सिंगभूम (झारखंड) येथे तांब्याचे खनिज निघते. त्यात तांबे जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणून दगड दळून, फेसावर तरंगवून खनिजकण वेगळे करतात, ते भट्टीत वितळवतात आणि शेवटी विद्युत विच्छेदनाने ९९.९९ टक्के शुद्ध तांबे मिळवतात.

भीमेच्या खोऱ्यात हा धातू फार जुना आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी तांब्याच्या वस्तू वापरत. पण तांबे दुर्मीळ असल्याने रोजची पाती दगडाचीच असत. पुढे दानपत्रांसाठी ताम्रपट आले आणि १७ व्या शतकात तांब्याचे शिवराई नाणे आले. घरांत हंडा, कळशी, बंब, ताम्हण व पळी आजही दिसतात. ताक-चिंचेच्या आंबटपणाने तांबे अन्नात उतरते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथिलाची कल्हई हवीच.

सोलापूरकरांचा तांब्याशी आजचा सर्वांत जिव्हाळ्याचा संबंध मात्र डाळिंबाच्या बागेत आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग पानांवर तेलकट ठिपके पाडतो, फळे तडकवतो आणि हाताशी आलेली बाग घालवतो. त्यावर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) व कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांतून पुढे आले. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला प्रत्येकी १ किलो मोरचूद व चुना लागतो. ते प्लास्टिकच्या पिंपातच करावे, कारण लोखंडावर तांबे चढून बसते. याच गुणावर शेतकऱ्याची परीक्षाही उभी आहे: घासलेला खिळा मिश्रणात बुडवायचा, तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणि तसेच फवारले तर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. छाटणीनंतर कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे हेच मिश्रण दाट करून, लावतात.

तांबे रोगाला दाराशी अडवते, आत शिरलेला जिवाणू त्याने मरत नाही. रोगट फांद्या काढून जाळाव्याच लागतात. शिवाय तांबे कुजत नाही. वर्षानुवर्षे फवारलेले तांबे मातीत साठते आणि तिथल्या उपयोगी बुरशीला व गांडुळांना बाधते. म्हणून गरजेपुरतीच फवारणी करण्याचा आग्रह योग्य आहे.

यंत्रमाग आणि विहिरीवरचे पंप चालतात ते मोटारीतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवर. मोटार जळाली की रिवाइंडिंगवाला जुनी तार काढून नवी भरतो. जुनी तार मोडीत चांगल्या भावाने जाते, कारण तांबे पुन्हा वितळवून शुद्ध केले तरी त्याचे गुण कमी होत नाहीत.