नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी शहरालगतच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यांतले वीस जपानी होते, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. त्याचं नाव ब्रदर गोन्सालो गार्सिया. गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे, आणि फेब्रुवारी उजाडला की त्यांच्या सणाची तयारी सुरू होते. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून त्यांचा मान मोठा आहे. मात्र वसईचा हा मुलगा जपानला कसा पोचला, तिथल्या राज्यकर्त्याला त्याला मारावंसं का वाटलं, आणि त्याच्यामागे जे ख्रिस्ती जपानात उरले त्यांचं काय झालं, हे प्रवचनांतून थोडंच ऐकू येतं. यातला शेवटचा भाग तर जवळजवळ कोणी सांगतच नाही. मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

छळ सोसणं ही ख्रिस्ती श्रद्धेतली आडवाटेची गोष्ट नव्हे. ज्याच्या नावाने हा धर्म ओळखला जातो तोच क्रुसावर मेला. धर्मासाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, हे त्याचं डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच मत्तयच्या शुभवर्तमानात, एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असंही तो शिष्यांना सांगतो. ते वाक्य सहसा भिंतीवर लिहिलेलं दिसत नाही. आणि ज्याने तीनदा गुरूला नाकारलं त्या पेत्रावरच पुढे सगळ्या कळपाची जबाबदारी आली.

हा गुंता पहिल्या शतकांतच चव्हाट्यावर आला. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना आहुती द्यावी आणि तसा दाखला घ्यावा. काही ख्रिस्ती मेले, पुष्कळांनी आहुती दिली, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसं परत येऊ लागली, तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन पेचात पडला. तो स्वतः त्या काळात लपून बसला होता. लांब प्रायश्चित्त घेऊन त्यांना परत घ्यावं, असा निर्णय झाला. पुढे २५८ साली सिप्रियनचाही शिरच्छेद झाला. म्हणजे टिकलेल्यांचा गौरव कसा करायचा हे ख्रिस्तसभेला लवकर उमगलं. न टिकलेल्यांचं काय करायचं, हा वाद मात्र ती तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. जपानात तो पुन्हा उभा राहिला, तोही फार मोठ्या प्रमाणावर.

जपानची वाट गोव्यातून गेली. अंजिरो नावाचा एक जपानी माणूस मलाक्कात फ्रान्सिस झेवियरना भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा स्नानसंस्कार झाला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी त्याला बरोबर घेऊन झेवियर कागोशिमाला उतरले. पुढच्या साठ वर्षांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली असं साधारण मानलं जातं. यात श्रद्धा होती, तसा व्यापारही होता. मकावहून चिनी रेशीम घेऊन येणारं पोर्तुगीज जहाज आपल्या बंदराला लागावं म्हणून क्यूशू बेटावरचे सरदार धर्मगुरूंना जवळ करत. त्यांतला ओमुरा सुमितादा १५६३ साली ख्रिस्ती झाला, नंतर त्याच्या मुलखात देवळं पाडली गेली आणि रयतेला धर्मांतर करावं लागलं. १५८० साली त्याने नागासाकी बंदरच येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाच्या, हवाली केलं.

हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. जपानचा तेव्हाचा राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा मंदिरांची नासधूस हा त्याचा एक ठळक आरोप होता, आणि तो खोटा नव्हता. ज्या गोव्यातून ही मंडळी निघत होती तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं. एकाच ध्वजाखाली एका किनाऱ्यावर छळ करणारे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर छळ सोसणारे होते. गोवेकर वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हुकूम निघाला, पण व्यापार हवा होता म्हणून तो कडकपणे राबवला गेला नाही. धर्मगुरू जरा सांभाळून, पण राहिलेच.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे आली होती, त्यामुळे अशी घरं तिथे नवी नव्हती. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा त्याने अशी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून लोक त्याला शोधत येत. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. मग त्याने ती वाट सोडून व्यापार धरला. मकाव आणि पूर्वेकडची बंदरं यांच्यात त्याचा जम बसला, आणि शेवटी मनिलात सगळं सोडून तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. तो धर्मगुरू कधीच झाला नाही. संतांच्या चरित्रांत नकार आणि बदललेल्या वाटा घाईघाईने उरकल्या जातात. मला मात्र त्याची व्यापारातली वर्षं महत्त्वाची वाटतात. जग हिंडलेला आणि जपानी सफाईने बोलणारा माणूस होता, म्हणूनच पुढे त्याची गरज पडली.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना हिदेयोशीकडे वकील म्हणून पाठवलं, आणि दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर गेला. हिदेयोशीने त्यांना क्योतोत राहू दिलं. तिथे फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला आणि गोरगरिबांसाठी, विशेषतः कुष्ठरोग्यांसाठी, रुग्णालयं चालवली. येशूसंघीय हुकमाचा मान राखून दबकत वागत होते, फ्रान्सिस्कन उघड्यावर. दोन संघांत यावरून चांगलीच धुसफूस होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीच्या अधिकाऱ्याने माल जप्त केला. जहाजावरच्या कुणीतरी धमकीवजा सांगितलं म्हणे, की आमच्या राजाचं साम्राज्य एवढं मोठं, आणि आधी धर्मगुरू जातात, मग सैन्य. हे खरोखर कोण बोललं, बोललं की नाही, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज दोन्ही बाजू पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना दोष देत राहिल्या. हिदेयोशीला मात्र निमित्त मिळालं. डिसेंबरात क्योतो आणि ओसाकात धरपकड झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि त्यांच्या आसपासची साधी माणसं.

जानेवारीच्या सुरुवातीला क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले. हुकूम नाक-कान दोन्ही कापायचा होता, तो एका अधिकाऱ्याने सौम्य केला. गाड्यांत बसवून शहरांतून धिंड काढली आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर चालवत नेलं. चोवीस जण निघाले होते. वाटेत त्यांची सेवा करायला आलेल्या दोघांनाही धरलं आणि आकडा सव्वीस झाला. त्यांत तोमास कोझाकी हा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता, वडिलांबरोबर चालणारा. त्याने वाटेवरून आईला पत्र लिहिलं. ते पोचलं नाही. रक्ताने माखलेलं पत्र वडिलांच्या मृत देहावर सापडलं. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला अधिकाऱ्याने धर्म सोडलास तर वाचवतो म्हणून सांगून पाहिलं, तो ऐकला नाही. धरलेल्या जपानी येशूसंघीयांपैकी पॉल मिकी क्रुसावरून शेवटपर्यंत बोलत होता: मी जपानीच आहे, आणि मला मारणाऱ्यांना मी क्षमा करतो.

खरा छळ यानंतरचा. १६१४ मध्ये, हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या सरकारने साऱ्या देशात ख्रिस्ती धर्माला बंदी घातली. १६२२ मध्ये त्याच निशिझाका टेकडीवर एका दिवशी पंचावन्न जणांना मारलं. पण लोक हुतात्म्यांच्या अस्थी जपू लागले, जिथे रक्त सांडलं तिथली माती नेऊ लागले, आणि मारून धर्म संपत नाही हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. मग पद्धत बदलली. माणूस मरू द्यायचा नाही, त्याच्या तोंडून नकार काढायचा. खड्ड्यावर उलटं टांगायचं, डोक्यात लगेच रक्त साकळून जीव जाऊ नये म्हणून कानामागे बारीक चीर द्यायची. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं. पाच घरांचा एक गट, एकात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरं जबाबदार. चुगलीला चांदीचं बक्षीस, त्याचे फलक गावोगावी.

या यंत्रणेपुढे माणसांचं काय झालं ते चार मुलांच्या कथेत सापडतं. १५८२ मध्ये क्यूशूच्या ख्रिस्ती सरदारांनी चार किशोरांना रोमला पाठवलं होतं. जाता-येता ते गोव्यात थांबले, आणि परतीच्या वेळी १५८७ मध्ये त्यांच्यातल्या हारा मार्तिन्योने तिथे लॅटिनमध्ये भाषण केलं. जपानला परतल्यावर चौघेही येशूसंघात गेले. पुढे इतो मान्सियो बंदीआधीच वारला, मार्तिन्यो मकावला हद्दपार होऊन तिकडेच गेला, चिजिवा मिगेलने धर्म सोडला, आणि नाकाउरा ज्युलियनला १६३३ मध्ये खड्ड्यावर टांगून मारलं. त्याच दिवसांत त्याच्याबरोबर टांगलेले, जपानातल्या येशूसंघाचे प्रमुख क्रिस्तोवाँव फेरेरा पाच तासांनी मोडले. त्यांनी धर्म नाकारला, जपानी नाव घेतलं आणि पुढे सरकारला मदत केली. युरोपात ही बातमी पोचली तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना.

१६३७-३८ चा क्यूशूवरचा शिमाबाराचा शेतकरी उठाव बहुतेकदा धर्माच्या खात्यात टाकला जातो. त्याचं मूळ जुलमी करवसुलीत आणि दुष्काळात होतं. धर्माने त्याला झेंडा दिला. तो चिरडल्यावर पोर्तुगीजांना हाकलण्यात आलं आणि जपानची दारं परदेशीयांना जवळजवळ बंद झाली.

आणि दरवर्षीची तपासणी. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची, आणि नागासाकी भागात घरटी प्रत्येकाने नव्या वर्षात तिच्यावर पाय द्यायचा. म्हातारे, मुलं, आजारी, कुणालाही सूट नाही. उराकामीच्या खोऱ्यातल्या, गोतो आणि इकित्सुकी बेटांवरच्या हजारो ख्रिस्ती कुटुंबांनी पाय दिला. घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. धर्मगुरू नसताना मनापासूनच्या पश्चात्तापाने क्षमा कशी मिळते, हे सांगणारं एक छोटं जपानी पुस्तक १६०३ मध्येच तयार झालं होतं. त्याच्या हातांनी केलेल्या नकला पिढ्यान्‌पिढ्या फिरल्या. गावात एक जण पंचांग सांभाळी, उपवासकाळ कधी, नाताळ कधी ते सांगे. दुसरा मुलांना स्नानसंस्कार देई. कानोन या करुणेच्या बौद्ध देवतेची मूल कडेवर घेतलेली मूर्ती देवघरात असे आणि तिच्यापुढे मरियेची प्रार्थना चाले. लॅटिन शब्द घासत घासत अर्थ हरवून बसले, तरी म्हणायचे थांबले नाहीत. सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे फादर काळ्या जहाजांतून येतील, असं बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने सांगून ठेवल्याची आठवण होती.

यांना धर्म सोडलेले म्हणायचं की टिकलेले? नियमाच्या बोटावर मोजलं तर दरवर्षी नाकारणारे. पण ते नसते तर जपानात त्या सव्वीस जणांचं नाव घेणारं कुणी उरलंच नसतं. सगळे गोन्सालो झाले असते तर गोष्ट १६४० च्या आसपास संपली असती, असं मला वाटतं. हुतात्म्यांनी साक्ष दिली आणि पाय देणाऱ्यांनी ती सांभाळली. दुसरं काम कमी वेदनेचं होतं असं म्हणायला मी धजणार नाही.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीस जणांना संतपद दिलं. जपान परदेशी व्यापाराला नुकतंच खुलं होत होतं. नागासाकीत परदेशी वस्तीसाठी ओउराला फ्रेंच फादरांनी चर्च बांधलं आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलं, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही. १७ मार्च १८६५ रोजी तिथे उराकामीहून पंधराएक शेतकरी आले. त्यांच्यातल्या एका बाईने फादर बर्नार पेतीजाँ यांच्या कानाशी सांगितलं, की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची प्रतिमा कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षं धर्मगुरूवाचून राहिलेल्या लोकांचा पत्ता असा लागला.

पण बंदी उठली नव्हती. ही माणसं उघड झाली आणि १८६७ मध्ये पुन्हा धरपकड सुरू झाली. नव्या मेइजी सरकारने उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशभर वीसेक ठिकाणी विखरून हद्दपार केलं. सहाशेहून अधिक तिकडेच मेले. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराने जपानची बदनामी होऊ लागली, आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक निघाले. परतलेल्यांनी पै-पैसा जमवून गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला. दरवर्षी प्रतिमेवर पाय द्यायला लावत ती हीच जागा. तिथे त्यांनी चर्च उभारायला घेतलं. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते पाडलं, मग पुन्हा बांधलं गेलं.

सगळे मात्र रोमकडे परतले नाहीत. गोतो आणि इकित्सुकीवरच्या कित्येक घरांनी फादरांना नम्रपणे नकार दिला. पूर्वजांनी जीव मुठीत धरून जपलेल्या प्रार्थना, पंचांग आणि देवघर चुकीचं होतं असं म्हणायला ते तयार नव्हते. इकित्सुकीवर हा वेगळा पंथ अजून आहे. प्रार्थना म्हणणारे थोडे उरलेत, तरुण नोकरीसाठी शहरात गेलेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या लपलेल्या ख्रिस्ती वस्त्यांची ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली.