इस्राएलाइट स्कूल, मुंबई : चालक व मुख्याध्यापक

मुंबईतील बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातील मराठीभाषक ज्यूंची शाळा. माझगाव भागातील ही शाळा आता सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाते.

स्थापनेचे श्रेय हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०–सु. १९०८) यांना देतात. भावांच्या साह्याने त्यांनी १८५३ च्या सुमारास समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी मंडळ काढले होते, त्यामुळे शाळेचे मूळ तिथवर नेता येते. मात्र प्रत्यक्ष शाळा १८७५ मध्ये निघाली. तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. आरंभकाळाची बरीच माहिती केहिमकरांनीच लिहिलेल्या समाजाच्या इतिहासातून मिळते. तो १८९७ मध्ये लिहून झाला, पण छापला गेला लेखकाच्या पश्चात, १९३७ मध्ये तेल अवीव येथे. संस्थापक आणि इतिहासकार एकच असल्याने तो जपून वाचावा लागतो.

स्वतंत्र शाळेची गरज का भासली, याचे उत्तर हिब्रूच्या शिक्षणात आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी ते बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला जाणारा हा समाज घरीदारी मराठीच बोले. हिब्रूचे पद्धतशीर शिक्षण त्याला मिळू लागले ते मिशनऱ्यांकडून. त्यांपैकी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ चे आहे. या शिक्षणामागे धर्मांतराची आशा होती, हे उघड आहे. नव्या शाळेच्या चालकांना हिब्रू आणि इंग्रजी विद्या, दोन्ही स्वतःच्या छपराखाली हवी होती. पैशासाठी लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचा आधार होता. शहरातील बगदादी (बगदादकडून आलेल्या) ज्यूंच्या डेव्हिड सॅसून शाळेचे मुख्याध्यापकपदही एका बेने इस्राएलाकडे होते : जोसेफ इझेकिएल राजपूरकर. हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे त्यांचे काम शाळेतील कामापेक्षा अधिक टिकले.

रिबेका रूबेन (१८८९–१९५७) १९२२ ते १९५० या काळात इस्राएलाइट शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पुण्याच्या हुजूरपागेतील ही विद्यार्थिनी १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिली आली होती. मुलींमध्ये नव्हे, सर्वांत. समाजाच्या वार्षिकाचे संपादनही त्यांनी केले. त्यांच्याच कारकीर्दीत, हाँगकाँग-शांघायचे बगदादी व्यापारी एली कदूरी यांच्या देणगीनंतर, शाळेचे नाव बदलले.

१९४८ नंतर समाजातील बरीच कुटुंबे इस्राएलला गेली. वर्गात आता ज्यू मुले अगदी थोडी. बहुसंख्य विद्यार्थी इतर धर्मांचे, विशेषतः मुस्लिम आहेत.