तिरक्या कोपऱ्यातली फट माल भरून जोडता येत नाही

बागेच्या दोन भिंती काटकोनात मिळत नसतील, तर त्या स्वतंत्र बांधाव्यात आणि मधल्या पाचरीत सिमेंटचा जाड माल (सिमेंट-वाळूचे ओले मिश्रण) ठासावा, तो दोघींना धरून ठेवतो, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

माल दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फारच कमी. त्यात सिमेंटचा माल वाळताना आकसतो, आणि जितका जाड तितका जास्त. नेहमीचा सांधा साधारण 10 मिमीचा असतो. तिथे चार बोटे माल भरला की उभी चीर पडायचीच. सिमेंट वाढवल्याने आकसणे उलट वाढते!

कोपरा खरा धरतात त्या विटाच. एका थरात या भिंतीची वीट कोपरा ओलांडून जाते, पुढच्या थरात त्या भिंतीची. उभे सांधे एकावर एक येता कामा नयेत. निदान पाव विटेचा चढाव हवाच, म्हणजे वरची वीट खालच्या सांध्याच्या पुढे तेवढी गेली पाहिजे. त्यासाठी विटा तिरप्या कापाव्या लागतात. पहिले दोन थर मालाशिवाय मांडून पाहा, माझा आग्रह याच पायरीचा आहे, कारण कापायच्या विटेचा नेमका आकार तिथेच कळतो. विशालकोनासाठी काही ठिकाणी तयार कोनी विटाही मिळतात.

लघुकोनात टोकदार वीट सहज तुटते, म्हणून टोक बोथट ठेवावे किंवा कोपऱ्यावर खांब घ्यावा.

जुन्या भिंतीला नवी मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. दोघींचे पाये वेगवेगळे खचतात. तिथे मुद्दाम उभी फट सोडून लवचिक सीलंट भरतात आणि नव्या भिंतीच्या टोकाला स्वतःचा खांब देतात.