बरोबरच्या चिन्हाची भानगड: सिम्युलेशनच्या भाषांची पार्श्वभूमी

मॉडेल लिहून चालवणाऱ्यांना सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) काय करतो ते माहीतच असतं, ते सोडून देतो. वावरातली 5 एचपीची मोटर, पाइप आणि संत्र्याच्या बागेतलं ड्रिप, एवढंच मी मॉडेलिकात, म्हणजे यंत्रं समीकरणांनी मांडून कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या भाषेत, मांडून राहिलो होतो, आणि पहिल्याच दिवशी अडकलो ते बरोबरच्या चिन्हावर.

जुनं थोडक्यात. सुरुवातीला सगळं अॅनालॉग मशीनवर, वायरी जोडायच्या, इकडून सिग्नल आत, तिकडून बाहेर. डिजिटल भाषा आल्या तरी सवय तीच राहिली. 1967 मध्ये अशा भाषांसाठी सीएसएसएल नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात ओळी कशाही लिहा, त्यांचा क्रम मशीनच लावायची, हे मोठंच सुख. पण डावीकडे एकच नाव आणि उजवीकडे हिशोब, हे काही सुटलं नाही.

आता पाइपच घ्या. दाबातला फरक = रोध × प्रवाह. जुन्या पद्धतीत ही ओळ प्रवाह माहीत असेल तरच कामाची, दाब माहीत आणि प्रवाह काढायचा तर उलटी ओळ, म्हणजे पाइप तोच पण मॉडेल दोन. मला तर हा शुद्ध मूर्खपणा वाटतो, पण त्या काळच्या मशीनचा जीव तेवढाच होता हेही खरं. 1978 मध्ये स्वीडनमधल्या एका पीएचडीच्या प्रबंधात डायमोला नावाची भाषा आली, तिचं म्हणणं सरळ होतं, तुम्ही समीकरण लिहा, अज्ञात कोण ते आम्ही शोधतो. पुढं बरीच वर्षं ती कल्पना जवळपास पडूनच. 1996 ला युरोपातल्या मंडळींनी एकत्र बसून सामायिक भाषा करायला घेतली आणि 1997 च्या सप्टेंबरात मॉडेलिकाची पहिली आवृत्ती आली. तिथं साधं = म्हणजे समीकरण, आणि प्रोग्रामिंगवालं 'ही किंमत यात टाक' पाहिजे तर := वेगळं, तेही अल्गोरिदमच्या, म्हणजे पायरी-पायरीनं हिशोब लिहायच्या भागात. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतून आलेला माणूस इथंच आपटतो, मीही आपटलो. त्यांनी समीकरणाला नवीन चिन्ह काहून नाही दिलं? माझ्या मते बरं केलं, शाळेत बरोबरचा अर्थ हाच शिकवला होता, बिघडवला तो प्रोग्रामिंगनं.

पंप, पाइप असे भाग एकमेकांना जोडायचा नियमही मॉडेलिकातलाच: जोडलेल्या तोंडांवर दाब सारखा, प्रवाहांची बेरीज शून्य, आणि भागाच्या आत जाणारा प्रवाह धन. त्यामुळं पंपाच्या बाहेरच्या तोंडाचा ग्राफ उणे येतो, पाणी तिथून बाहेर पडतं म्हणून. काका स्क्रीनकडं बघून म्हणे, "काहून बे, मोटर पाणी विहिरीत ओतून राहिली काय?"

मॉडेलिकाची 2007 ची 3.0 आवृत्ती मात्र वादाची. प्रत्येक मॉडेलमध्ये अज्ञात आणि समीकरणं यांची संख्या जिथल्या तिथं जुळलीच पाहिजे असा नियम आला, जुन्या लायब्ऱ्या (तयार मॉडेलांचे संच) दुरुस्त कराव्या लागल्या, कुरकुर झाली. पण त्याआधी चूक कळायची ती अख्खी सिस्टिम जोडल्यावर, पन्नास भागांत नेमकं कोण चुकलं हे शोधत बसा.

एक गोष्ट मात्र या नियमानंही पकडली जात नाही. न जोडलेल्या तोंडाचा प्रवाह ही भाषा आपणहून शून्य धरते. मी ड्रिपच्या पाइपाचं शेवटचं तोंड नुसतं मोकळं सोडलं होतं, माझ्या मनात ते उघडं, भाषेच्या लेखी बूच मारलेलं. एरर नाही, काही नाही, मोटर चालू आणि बागेत पाणी शून्य.