‘औदुंबर’ गेमची पार्श्वभूमी

बालकवींच्या ‘औदुंबर’वर गेम केलाय म्हटलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: त्यात मारायचं कुणाला? विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, गेम म्हणजे पबजी हे डोक्यात पक्कं बसलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तरी ते डोक्यातून गेलं नाही. त्यामुळे आठ ओळींची, एकही माणूस नसलेली कविता खेळायला देणं हा आधी चेष्टेचाच विषय झाला.

शहरात काही नवं निघालं की ते ‘कलापूर’च्या खात्यावर जमा करायची आपल्याकडे सवय आहे. या गेमबद्दलही तसं बोललं जातं: १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे सुरू झाली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली तरी पडद्याचं वेड इथेच राहिलं, वगैरे. ऐकायला छान वाटतं. खरा धागा मात्र बराच अलीकडचा आहे: इंजिनिअरिंगची मुलं, जुने लॅपटॉप आणि फुकट मिळणारी साधनं.

कवितेबद्दल फार सांगायला नको, ती पाठ असते. गेमच्या दृष्टीने तिच्यातल्या दोन गोष्टी कामाच्या. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरचा कॉपीराइट १९६८ अखेर संपला. परवानगी कुणाची मागायची हा प्रश्नच उरला नाही. अलीकडच्या कवीची कविता घेतली असती तर मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम आडवा आला असता (१९९२ च्या दुरुस्तीआधी तो पन्नास वर्षांचा होता) आणि वारसांकडे खेटे घालण्यातच उत्साह सरला असता. दुसरं म्हणजे ही कविता चक्क नकाशा आहे. झरा, बेटं, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह आणि शेवटी झाड. लेव्हल डिझाइन कवीनेच करून ठेवलंय.

पहिलं रूप बिट्सीत, म्हणजे छोटे गेम करायच्या एका साधनात झालं. या साधनात एका खोलीत (म्हणजे एका पडद्यात) आडवे सोळा, उभे सोळा चौकोन, प्रत्येक चौकोन आठ बाय आठ ठिपक्यांचा, आणि एका खोलीला रंग तीन. कवितेत हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा असे चार. म्हणून डोहाची खोली वेगळी काढून तिला रंगांचा वेगळा संच दिला गेला. झाडाने सगळ्यात जास्त छळलं. उंबराची फळं खोडालाच लगडतात. ती एवढ्या थोड्या ठिपक्यांत दाखवायला गेलं की झाडाला देवी आल्यासारख्या दिसायच्या. शेवटी फळं काढून टाकली. तेव्हापासून ते झाड वडासारखं दिसतं, ही तक्रार रास्त आहे.

खरा वाद झाला तो खेळाडूवरून. गेम म्हटला की कुणीतरी चालायला हवं, आणि या कवितेत चालते ती पायवाट. सुरुवातीला गुराख्याचा पोरगा ठेवला होता. गावातून निघायचा, डोहाशी यायचा, संपलं. पण पोरगा आला की त्याला काम हवं, काम हवं म्हणून गाय हरवली, गाय हरवली म्हणून ती शोधायची. बघता बघता कविता मागे पडली आणि गाय पुढे आली. त्या वेळी दान्तेचं उदाहरण वारंवार निघायचं. २०१० मध्ये एका बड्या कंपनीने त्याच्या नरकाच्या काव्यावर गेम काढला आणि कवितेत वाट चुकलेल्या माणसाच्या हाती भलामोठा विळा देऊन त्याला लढवय्या केला. आपल्याकडे निदान गायच होती, असं पोरग्याच्या बाजूचे लोक म्हणत.

दुसरी सूचना जास्त अवघड होती. इकडच्या माणसाला औदुंबर म्हटलं की आधी दत्ताची नरसोबाची वाडी आठवते, कविता मागाहून. गटातल्याच एकाचं म्हणणं पडलं की झाडाखाली पादुका दाखवाव्यात, शेवटी घंटा वाजावी. हे अगदीच खुळचट नव्हतं. त्या झाडात विरक्त, जगाशी देणंघेणं नसलेला साधू पाहणारे जाणकार आहेत, काहींना त्यात उदासी दिसते, काहींना नुसतं निसर्गचित्र. पादुका ठेवल्या की बाकीचे अर्थ बाद झाले. शिवाय बालकवी खानदेशातले, धरणगावचे. आपली वाडी त्यांच्या माथी का मारायची? काठाला पंचगंगेचा घाट काढावा ही सूचनाही याच कारणाने मागे पडली. पादुकावाले अजून नाराज आहेत, पण निर्णय योग्यच झाला.

शेवटी पायवाट हाच खेळाडू ठरला. बटण दाबलं की पांढरा चौकोन एक घर पुढे पडतो. शेत आडवं आलं की वळावं लागतं, त्यामुळे वाट आपोआप अडवीतिडवी होते. पाण्यापाशी पोचली की बटणं चालत नाहीत, समोर फक्त झाड. जिंकणं नाही, हरणं नाही, मग याला गेम म्हणायचं का, हा आक्षेप तेव्हा निघाला आणि त्याला समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही. प्रत्यक्षात भलतंच घडलं: डोहापाशी आलेल्या बहुतेकांनी गेम हँग झाला समजून बंद केला. म्हणून पाण्यावर एक लाट सतत हलती ठेवली. ती तडजोड आहे, आणि तशी दिसतेही.

ओळी पडद्यावर आणणं हे काम मराठीत करणाऱ्यालाच कळतं. बिट्सीत प्रत्येक अक्षर सुटा छाप असतो. ‘चिमुकले’ची पहिली वेलांटी च सोडून म वर जाऊन बसायची आणि ‘हिरव्या’चं ‘हिरव्‌या’ व्हायचं. गोडॉट या गेम करायच्या दुसऱ्या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीतही तीच रड. तेव्हा लोक ओळींची चित्रं करून चिकटवायचे. एक काना चुकला की अख्खं चित्र नव्याने. मार्च २०२३ मध्ये गोडॉट ४ आलं, त्यात मात्रा आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय होती, आणि गेम तिकडे हलवला.

अक्षरं नीट दिसू लागल्यावर शुद्धलेखनाचा घोळ वर आला. जुन्या छापील प्रतींत ‘गांव’, ‘जळांत’ असं आहे. १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार गेले. गेममध्ये जुनंच ठेवलं. टायपिंगची चूक आहे का, अशी विचारणा अजून येते, त्यामुळे सुरुवातीच्या पडद्यावर तेवढा एका ओळीचा खुलासा घातला आहे.