कागदावरचा डेंग्यू, घरातला डेंग्यू

गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे फोनवर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट. माणूस तापाने फणफणतो, गल्लीतल्या दवाखान्यात जातो, शेजारच्या लॅबमध्ये पट्टीवर झटपट तपासणी होते, डेंग्यू 'पॉझिटिव्ह'चा कागद हातात पडतो. मग सलाइन, रोजचं रक्त तपासणं, कुणीतरी आणून दिलेला पपईच्या पानांचा रस. आठ-दहा दिवसांनी तो उठतो, पण कामावर जाण्याइतकी ताकद यायला आणखी पंधरा दिवस जातात. सरकारी आकड्यात हा माणूस बहुधा येतच नाही. पट्टीवरच्या तपासणीला सरकार पक्का पुरावा मानत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत होणारी एलायझा ही रक्तचाचणी लागते. सरकारी रुग्णालयांना त्या चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. गल्लीतला दवाखाना त्या साखळीच्या बाहेरच राहतो.

२००६ ते २०१२ या काळात भारताच्या दप्तरी दरसाल सरासरी वीस हजारांच्या आसपास रुग्ण होते. मदुराई जिल्ह्यातल्या पाहणीचा आधार घेऊन २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने खरा आकडा वर्षाला ५८ लाखांच्या घरात असावा, असा अंदाज मांडला. नोंदीच्या २८२ पट! अंदाजात थोडंफार इकडेतिकडे झालं असेल, असं धरलं तरी दरी बुजत नाही.

या दरीला जुना इतिहास आहे. डेंग्यू बराच काळ 'त्रासदायक, पण जीवघेणा नाही' अशा सदरात होता. १७८० साली फिलाडेल्फियात बेंजामिन रश या डॉक्टरने हाडमोड्या तापाचं वर्णन केलं, ते बहुधा याच आजाराचं. पुढे दीडशे वर्षं तो बंदरांचा आणि फौजांचा ताप राहिला. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली जपानमध्ये किमुरा आणि होत्ता या शास्त्रज्ञांनी डेंग्यूचा विषाणू वेगळा केला. पाठोपाठ अमेरिकेच्या अल्बर्ट सेबिन यांनी कलकत्ता, न्यू गिनी आणि हवाईतल्या सैनिकांच्या रक्तातून तो मिळवला. संशोधनाला घाई होती ती सैनिक आठवडा-आठवडा खाटेवर पडून राहत होते म्हणून. त्याच कलकत्त्यातल्या चाळी-वस्त्यांत किती जण पडून होते, हे मोजायची घाई कुणाला नव्हती.

युद्धानंतर चित्र पालटलं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. फौजा, जहाजं आणि विमानांतून ते चारही आग्नेय आशियात एकमेकांत मिसळले. शहरं भराभर वाढली, पण नळ त्यांच्यामागून धावले नाहीत. १९५४ साली मनिलात आणि १९५८ साली बँकॉकमध्ये लहान मुलं रक्तस्राव होऊन दगावू लागली. बँकॉकमध्ये काम करणारे डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली: गंभीर आजारी मुलांपैकी बहुतेकांना डेंग्यू आधी एकदा होऊन गेलेला होता. आधी झालेल्या प्रकाराविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नंतर आलेल्या वेगळ्या प्रकाराला अडवण्याऐवजी शरीराच्या पेशींत शिरायला मदतच करतात. क्युबात हे अगदी ठळक दिसलं. तिथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्य होती. १९८१ साली दुसरा प्रकार आला आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, १५८ दगावले, त्यात १०१ मुलं होती.

याच अनुभवातून उपचारही सापडला. जीव जातो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळल्यामुळे, आणि तेही बऱ्याचदा ताप उतरल्यावर, घरचे 'सुटलो' म्हणतात त्या वेळी. तेव्हा नेमकं, मोजून सलाइन दिलं तर गंभीर रुग्णांतला वीस टक्क्यांपर्यंत जाणारा मृत्युदर एक टक्क्याच्या खाली येतो. आपण मात्र पेशींच्या आकड्यावर डोळे लावून बसतो आणि रक्तदात्यांसाठी व्हॉट्सअॅपवर निरोप फिरवतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून पेशी चढवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

भारतात रक्तस्रावी डेंग्यूची मोठी साथ प्रथम १९६३ साली कलकत्त्यात आली, चिकुनगुनियाच्या जोडीने. तरी सरकार खडबडून जागं झालं ते १९९६ साली, जेव्हा दिल्लीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. राजधानीत झालं म्हणून ते दिसलं, हेही खरं. त्यानंतर फवारणी, गप्पी मासे, 'कोरडा दिवस पाळा' हे सगळं सुरू झालं. पण चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात टिपाड आणि रांजण कोरडे करायचे कसे? डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात. नळाचं वेळापत्रक पालिकेचं, पण अळ्या सापडल्या की बोलणी खायची घरातल्या बाईने.

ढाक्यात हाच हिशेब २०२३ साली फार महाग पडला. बांगलादेशात २००० साली साथीची पहिली मोठी नोंद झाली तेव्हा ९३ मृत्यू होते. २०२३ मध्ये ३ लाख २१ हजारांवर लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि १,७०५ दगावले. आधीच्या बावीस-तेवीस वर्षांत मिळूनही इतके मृत्यू नोंदले गेले नव्हते. आणि हे फक्त दाखल झालेले रुग्ण. घरी झोपून काढलेला ताप त्यात नाही. सलाइनचा तुटवडा पडला, बाटल्या चढ्या भावाने विकल्या गेल्या. हातावर पोट असलेल्या कुटुंबात एकाचा ताप म्हणजे दोघांची मजुरी बुडते, एक आजारी आणि दुसरा त्याच्या उशाशी.

लस का नाही, असा प्रश्न साहजिक येतो. एक लस आली होती, फिलिपिन्सने २०१६ सालापासून आठ लाखांवर शाळकरी मुलांना ती टोचली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लस बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. हॉलस्टेड यांनी बँकॉकमध्ये पाहिलेलं पुन्हा समोर आलं, या वेळी सुईतून. पालकांचा विश्वास असा उडाला, की गोवरासारख्या जुन्या लशींकडेही त्यांनी पाठ फिरवली आणि २०१९ साली तिथे गोवराची मोठी साथ आली. भारतात चारही प्रकारांवरच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. दहा हजारांहून अधिक प्रौढ स्वयंसेवक आणि पुढची दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष, अशी तिची आखणी आहे.